सायटिका : कारणाचा शोध

कंबरेतून किंवा कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून पोटरीत, पावलात उतरणारी मज्जातंतूची वेदना म्हणजे सायटिका. आयुर्वेदात ती गृध्रसी या नावाने वातव्याधींत येते. तिच्यामागे अनेक वेगवेगळे आजार असू शकतात. दुखणे तीन महिन्यांपलीकडे रेंगाळले की नेमके कारण शोधणे हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’ एवढ्यावर वर्षे काढणारे रुग्ण सर्वत्र भेटतात. कोणती नस, कुठे आणि कशाने दबली, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

सायटिक हा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू. कंबरेच्या शेवटच्या दोन आणि त्रिकास्थीच्या वरच्या तीन मज्जातंतू-मुळांपासून तो बनतो, कुल्ल्याच्या खोल स्नायूंजवळून मांडीत उतरतो आणि गुडघ्याच्या वर दुभागतो. या वाटेवर तो कुठेही दाबला गेला तरी दुखते पायातच. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने १७६४ मध्ये मज्जातंतूतून उठणारी ही वेदना खुब्याच्या सांध्याच्या वेदनेपासून वेगळी काढली. बॉस्टनचे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये दोन मणक्यांमधील फाटलेल्या चकतीचा मुळावर येणारा दाब दाखवून दिला. त्यानंतर चकतीकडे इतके लक्ष गेले की बाकीची कारणे मागे पडली, आणि त्याची किंमत रुग्ण आजही मोजतात.

शोधाची सुरुवात रुग्णाचा हात कुठे जातो इथून होते. ‘खुबा दुखतो’ म्हणणारा तळहात कुल्ल्यावर ठेवत असेल तर संशय कंबरेच्या मणक्यांवर जातो. हात जांघेकडे जात असेल तर खुब्याच्या सांध्यावर. मग वेदनेची वाट बोटाने दाखवायला सांगावी. पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे मुंग्या जात असतील तर कंबरेचे पाचवे मूळ, टाच, तळव्याची बाहेरची कड आणि करंगळीकडे जात असतील तर त्रिकास्थीचे पहिले मूळ. ताकदीची तपासणी याला दुजोरा देते. पाचवे मूळ दुखावले की पायाचा अंगठा वर उचलण्याचा जोर कमी होतो, टाचांवर चालणे जड जाते. त्रिकास्थीचे पहिले मूळ दुखावले की चवड्यांवर चालता येत नाही आणि घोट्यामागे रबरी हातोडी मारली तरी पाऊल उडत नाही. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ रुग्णाला मिळालाच पाहिजे.

पाय सरळ उचलण्याची चाचणी फ्रेंच वैद्य लासेग यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या शिष्याने ती १८८१ मध्ये प्रसिद्ध केली. सर्बियाचे डॉक्टर आणि कथाकार लाझा लाझारेविच यांनी त्याच्या एक वर्ष आधी ती मांडली होती. या व्याधीत पाय उचलण्यास अडथळा येतो हे निरीक्षण सुश्रुतसंहितेतही आहे. उताण्या झोपलेल्या रुग्णाचा गुडघा न वाकवता पाय उचलताना ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली कळ गेली, तर मूळ ताणले जात आहे असे धरतात. मांडीमागे नुसती ओढ बसणे हा बहुधा आखडलेल्या स्नायूंचा परिणाम असतो. न दुखणारा पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर चकती सरकल्याची शक्यता फार वाढते.

मांडी घालून बसता येते का, हा आपल्याकडचा अत्यंत उपयोगी प्रश्न. खुब्याचा सांधा झिजलेला असेल तर मांडी घालणे, पायमोजे चढवणे, भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसणे अवघड जाते. मांडी आत वळवताना जांघेत दुखते. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरते, त्या विकारात सुरुवातीचा साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो आणि रुग्ण महिनोन्‌महिने कंबरेचे व्यायाम करत राहतो. स्टिरॉइड, दारू आणि सिकलसेल ही त्याची ठळक कारणे. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात म्हणूनच तरुणाच्या खुबेदुखीत सिकलसेलची रक्ततपासणी टाळता कामा नये. कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्यांत हा विकार आढळल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली.

उतारवयात मणक्यांतील मार्ग अरुंद झाला असेल तर चालताना पाय भरून येतात आणि ओणवे झाल्यावर किंवा बसल्यावर उतार पडतो. नुसते उभे राहूनच बरे वाटत असेल आणि पावलातील नाडी मंद लागत असेल तर दोष रक्तवाहिनीत असतो. मांडीच्या केवळ बाहेरच्या बाजूस आग किंवा बधिरपणा असेल तर कंबरपट्टा, परकराची नाडी, वाढलेले वजन यांनी जांघेपाशी दबलेला त्वचेचा मज्जातंतू आठवावा. सिग्मंड फ्रॉइड यांना हा त्रास होता आणि १८९५ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलेही. मधुमेह, नागीण आणि कुल्ल्यातील पिरिफॉर्मिस स्नायू हीदेखील कारणे आहेत. पिरिफॉर्मिसचे निदान मात्र बाकीचे तपासून झाल्यावरच करावे.

एमआरआय हे मौल्यवान साधन आहे, पण निकाल त्याच्यावर सोपवू नये. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबरेचे कोणतेही दुखणे नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय पाहिले गेले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांची किमान एक चकती फुगलेली निघाली. अहवालातील दोष, वेदनेची वाट आणि तपासणीतील खुणा एकाच बाजूच्या, एकाच मुळाकडे बोट दाखवत असतील तरच कारण सापडले असे म्हणावे.

काही लक्षणांत थांबायला वेळ नसतो. लघवी अडणे, बसण्याच्या जागी बधिरता येणे, दोन्ही पायांतील जोर जाणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बारीक ताप, घटणारे वजन आणि रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा कर्करोग आधी तपासावा. भारतात क्षयाचा विचार पहिल्या फळीत हवा.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर स्नायू-मज्जातंतूंची विद्युतचाचणी करतात. मज्जातंतू दुखावल्यानंतर सुईच्या चाचणीत बदल उमटायला साधारण तीन आठवडे जातात. संशयित मुळाशी भूल देणारे इंजेक्शन देऊन वेदना तात्पुरती थांबते का, हेही पाहता येते. असे मूळ नेमके ठरले की उपचाराची दिशाही ठरते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील उपचार-चाचणीत चार ते बारा महिने सायटिका असलेले आणि चकतीने नेमके कोणते मूळ दबले आहे हे ठरलेले १२८ रुग्ण घेतले होते. शस्त्रक्रियेच्या गटातील पायाची वेदना सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेविना उपचार घेणाऱ्या गटापेक्षा कमी होती.