एक ‘लाईन’, अर्थ अनेक

पनवेल स्थानकात उतरलेल्या नवख्या प्रवाशाला पहिल्या अर्ध्या तासातच एका इंग्रजी शब्दाची चार-पाच रूपे भेटतात. फलाटावर ‘हार्बर लाईन’ची चौकशी चालू असते. स्थानकाबाहेर रिक्षासाठी ‘लाईन’ लागलेली असते. पत्ता विचारावा, तर तो जुन्या पनवेलमधील ‘लाईन आळी’चा निघतो. घरी पोहोचल्याचा निरोप द्यावा, तर फोनची ‘लाईन’ व्यग्र असते आणि घरात शिरल्यावर कळते की विजेच्या ‘लाईन’चे काम चालू आहे. शब्द एकच, पण पहिल्या ठिकाणी तो लोहमार्ग, दुसऱ्या ठिकाणी रांग, तिसऱ्या ठिकाणी वस्ती, चौथ्या ठिकाणी दूरध्वनीची जोडणी आणि पाचव्या ठिकाणी तार असतो. ऐकणाऱ्याचा मात्र सहसा गोंधळ होत नाही, कारण शेजारचा शब्द अर्थ ठरवून देतो. गोंधळ होतो तो बोलण्यातून हा शब्द कागदावर उतरतो तेव्हा. म्हणूनच या शब्दाची वंशावळ आणि त्याचे मराठी पर्याय नीट पाहून ठेवणे उपयोगाचे आहे.

जवसाच्या धाग्यापासून

‘लाईन’चे मूळ लॅटिन भाषेत सापडते. ‘लिनम’ म्हणजे जवसाचे, अर्थात अळशीचे झाड. त्याच्या खोडाच्या तंतूंपासून काढलेला धागा म्हणजे ‘लिनिया’. ताणून धरलेला धागा सरळ असतो, म्हणून धाग्याचे नाव पुढे सरळ रेघेला मिळाले आणि रेघेवरून ते रांग, मार्ग, सीमा असे पसरत गेले. ‘लिनन’ हे कापड, कपड्याच्या अस्तराला म्हणतात ते ‘लायनिंग’ आणि जवसाच्या तेलापासून तयार होणारे ‘लिनोलियम’ ही त्याच कुळातील भावंडे. मराठी स्वयंपाकघरातील जवसाची चटणी आणि रेल्वेची लाईन यांचे असे दूरचे नाते आहे.

शब्दाचा हा सर्वांत जुना अर्थ आजही बांधकामावर जिवंत आहे. भिंत सरळ उभी राहावी म्हणून गवंडी ओळंबा धरतो, तर विटांचा थर सरळ जावा म्हणून ‘लाईनदोरी’ ताणतो. तेथे लाईन म्हणजे खरोखरच दोरी. इंग्रजीत मासे पकडण्याच्या गळाची दोरी आणि कपडे वाळत घालण्याची दोरी यांनाही लाईनच म्हणतात. आपल्याकडे संस्कृत ‘सूत्र’ शब्दाने असाच प्रवास केला. मूळ अर्थ धागा, पण पुढे तो नियम, सिद्धान्त आणि गणितातील समीकरण यांच्यापर्यंत पोहोचला.

आळी, ओळ आणि रांग

पनवेलची ‘लाईन आळी’ हे नाव भाषेच्या दृष्टीने मोठे गमतीचे आहे. ‘आळी’ हा शब्द संस्कृत ‘आलि’वरून आला आणि त्याचा अर्थच मुळी ओळ असा आहे. घरांची ओळ ती आळी. दिव्यांची ओळ म्हणजे दीपावली, त्यातील ‘आवली’ आणि मराठी ‘ओळ’ हेही याच घरातले. तेव्हा लाईन आळी म्हणजे शब्दशः ‘ओळीची ओळ’. नगरपालिका १८५२ साली स्थापन झालेल्या आणि २०१६ मध्ये महानगरपालिका बनलेल्या या गावात इंग्रजी व मराठी शब्द असे शेजारी बसले आहेत. यात चूक काही नाही. पावरोटी या शब्दातही पाव आणि रोटी अशा दोन भाषांतल्या भाकऱ्या एकत्र आल्याच आहेत.

वस्ती या अर्थाने लाईन शब्द रूढ झाला तो लष्करी छावण्यांमुळे. ओळीने उभारलेले तंबू किंवा बराकी म्हणजे ‘लाईन्स’. त्यातूनच मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांचा भाग ‘सिव्हिल लाईन्स’ झाला. नागपुरात तो आजही त्याच नावाने ओळखला जातो. अनेक गावांतील ‘पोलीस लाईन’ हे त्याचेच रूप.

माणसांच्या ओळीला मराठीत रांग म्हणतात, अक्षरांची ती ओळ, कागदावर ओढलेली ती रेघ आणि भूमितीतील ती रेषा. इंग्रजीला या चारही गोष्टींसाठी एकच शब्द पुरतो. मराठीत मात्र ‘कवितेची रांग’ किंवा ‘तिकिटांची रेषा’ म्हटले तर लहान मूलही हसेल. हा काटेकोरपणा ही भाषेची श्रीमंती आहे.

रूळ, तार आणि वाहिनी

रेल्वेची लाईन म्हणजे कधी रूळ, तर कधी संपूर्ण मार्ग. दिव्याहून पनवेलला लोहमार्ग आला तो १९६०च्या दशकात. १९९८ साली हार्बर मार्ग पनवेलपर्यंत पोहोचला आणि त्याच वर्षी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्गही खुला झाला. प्रवासी ‘हार्बर लाईन’ म्हणतात, तर स्थानकावरील उद्‌घोषणेत आणि मेगाब्लॉकच्या बातमीत ‘हार्बर मार्ग’ असे येते. मात्र ‘अप लाईन’ व ‘डाऊन लाईन’ म्हणजे दोन वेगळे मार्ग नव्हेत. एकाच मार्गावरील जाण्यायेण्याचे ते वेगवेगळे रूळ होत. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी ती अप. बेलापूर ते पेंधर हा नवी मुंबई मेट्रोचा मार्ग नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाला, तोही लोकांच्या तोंडी ‘लाईन वन’ आहे.

विजेच्या लाईनला तार म्हणतात किंवा विद्युतवाहिनी. पाण्याची पाईपलाईन ती जलवाहिनी. घरातील विजेच्या जोडणीत मात्र लाईन शब्दाला फार नेमका अर्थ आहे. तीन पिनांच्या सॉकेटवर ‘एल’, ‘एन’ आणि ‘ई’ ही अक्षरे असतात. त्यांपैकी ‘एल’ म्हणजे लाईन, अर्थात विजेचा दाब असलेली, जिला बोलीत ‘फेज’ म्हणतात ती तार. ‘एन’ ही न्यूट्रल आणि ‘ई’ ही अर्थिंगची. ‘लाईनला हात लावू नका’ असे वायरमन म्हणतो तेव्हा तो कोणत्याही तारेविषयी बोलत नसतो, याच एका तारेविषयी बोलत असतो.

‘लाईफलाईन’ हे याहून बोलके उदाहरण. बुडणाऱ्या माणसाकडे फेकायची दोरी हा त्याचा मूळ अर्थ. मराठी वृत्तपत्रांनी उपनगरी गाडीसाठी त्याचे ‘जीवनवाहिनी’ केले आणि दोरीची नदी झाली. हातावरची लाईफलाईन मात्र आयुष्यरेषा. एका शब्दाचे असे दोन चांगले मराठी शब्द झाले.

बोलीतली लाईन

बोलीभाषेने या शब्दाला खास आपले अर्थ दिले आहेत. ‘मुलाने कोणती लाईन घेतली?’ म्हणजे दहावीनंतर कोणती शाखा निवडली. ‘मी या लाईनमध्ये वीस वर्षे आहे’ म्हणजे या धंद्यात. ‘त्याला लाईनवर आणले’ म्हणजे वठणीवर आणले. तरुणांच्या तोंडी असलेल्या ‘लाईन मारण्या’चा अर्थ सांगण्याची गरज नाही. फडके नाट्यगृहात नट ‘लाईन’ विसरला तर ते वाक्य असते. मैदानावर गोलंदाजाच्या ‘लाईन आणि लेंग्थ’ला मराठी समालोचकांनी ‘दिशा आणि टप्पा’ असा नेटका पर्याय दिला आहे. तेथे ‘रेषा आणि लांबी’ म्हणणे हास्यास्पद झाले असते. ‘ऑनलाईन’ या शब्दाची तर आणखीच गंमत. ऑनलाईन अर्ज करायचा तो लाईनीत उभे राहावे लागू नये म्हणून!

बंदराजवळच्या पनवेल, कळंबोली परिसरात ‘लाईन’ म्हणजे कंपनीही असते. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तेथील मालवाहतुकीच्या व्यवहारात ‘लाईनचा कंटेनर’ म्हटले की तो ‘शिपिंग लाईन’चा, म्हणजे जहाज कंपनीच्या मालकीचा. ‘एअरलाईन’ हीदेखील हवाई रेषा नव्हे, ती विमान कंपनीच.

भाषांतरातील सापळे

शब्दशः भाषांतर करणाऱ्याला ही लाईन हमखास अडकवते. ‘थ्री-लाईन व्हिप’ याचे ‘तीन ओळींचा पक्षादेश’ असे रूपांतर केले की वाचकाला वाटते, आदेशात तीनच ओळी असाव्यात. वस्तुतः ब्रिटिश संसदेतील प्रथेनुसार महत्त्वाच्या मतदानाच्या सूचनेखाली तीन रेघा ओढल्या जात. रेघा जितक्या अधिक तितकी हजेरीची सक्ती अधिक. ‘डेडलाईन’चा इतिहास भीषण आहे. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घातली जाई. आज त्या शब्दाचा अर्थ ‘अंतिम मुदत’ इतकाच उरला आहे.

कागदावरची रेषा

शब्दाच्या अर्थावर पैसा आणि सुरक्षितता अवलंबून असते ती घर किंवा जमीन घेताना. पनवेल शहराजवळून गाढी आणि काळुंद्रे या नद्या वाहतात, खाडी जवळ आहे आणि महामार्गही येथूनच फुटतात. त्यामुळे येथील जमिनीच्या व्यवहारात ‘लाईन’ अनेक नावांनी समोर येते.

नदीकाठच्या भूखंडासाठी ‘ब्ल्यू लाईन’ व ‘रेड लाईन’, म्हणजे निळी व लाल पूररेषा, महत्त्वाच्या. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी निळी रेषा दाखवते, तर १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधील भाग निषिद्ध क्षेत्र, तर निळ्या व लाल रेषांमधील भाग नियंत्रित क्षेत्र असतो. या दुसऱ्या भागात अटींसह बांधकाम होऊ शकते. ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त, असा नाही. तसा पूर येण्याची शक्यता दरवर्षी एक टक्का, असा तो आहे. तीस वर्षांच्या काळात ही शक्यता सुमारे २६ टक्के होते.

खाडीकाठी ‘हाय टाईड लाईन’ म्हणजे भरतीरेषा पाहावी लागते. किनारा नियमन क्षेत्राची मोजणी तिच्यापासून होते. महामार्गालगत ‘बिल्डिंग लाईन’ आणि ‘कंट्रोल लाईन’ अशा दोन रेषा असतात. रस्ता आणि इमारत रेषा यांमध्ये बांधकाम करता येत नाही, तर इमारत रेषा व नियंत्रण रेषा यांमधील पट्ट्यात ते निर्बंधांच्या अधीन असते. येथे मराठीलाही सावध राहावे लागते. कारण ‘नियंत्रण रेषा’ म्हटले की वाचकाला आठवते ती १९७२च्या सिमला करारानंतर जम्मू-काश्मीरमध्ये निश्चित झालेली रेषा. इंग्रजीने एका शब्दात अनेक अर्थ कोंबले, तसे येथे मराठीनेही केले आहे.

‘प्लॉट लाईनच्या बाहेर आहे’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. ती पूररेषा आहे, भरतीरेषा आहे की इमारत रेषा, आणि पूररेषा असेल तर निळी की लाल, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही. बोलताना ‘लाईन’ म्हणायला हरकत नाही, शेजारचा शब्द ती निभावून नेतो. सही करण्यापूर्वी मात्र त्या रेषेचे पूर्ण नाव लिहून घ्यावे आणि नकाशावर ती कोठून जाते हे पाहावे.