कागदात कापलेला शहराचा नकाशा आणि आपले दरवाजे

हल्ली घरातल्या भिंतीवर आपल्या शहराचा नकाशा लावायची हौस वाढली आहे. कागदात किंवा लाकडात कापलेला नकाशा. रस्ते जाळीसारखे उरतात, मधल्या वस्त्या कापून काढलेल्या असतात. बहुतेक नकाशे लेझर मशीनवर होतात, पण काही कलाकार अजून पातळ ब्लेड घेऊन हातानेच कापतात.

आपल्या शहराला ही कला परकी वाटायचं कारण नाही. गणपतीची मखरं, दिवाळीचे आकाशकंदील, मोहरमचे ताबूत, सगळीकडे कागद कापणारे सराईत हात इथे होते आणि आहेत.

पद्धत साधी आहे. जाड कागदाच्या मागच्या बाजूला नकाशा उलटा उतरवायचा. आधी गल्ल्यांमधले बारीक तुकडे कापायचे, मग मोठे. रस्ता ठेवायचा, मधलं काढायचं. नियम एकच: जी रेष कशालाच जोडलेली नाही ती गळून पडते.

आता या नियमाने छत्रपती संभाजीनगर कापून बघा. सिडको सोपं जाईल. एन-१, एन-२ असे आखलेले सेक्टर, ब्लेड सरळ चालतं. गुलमंडी, सिटी चौक, शहागंजकडे आलात की हात मंदावतो. पण खरी अडचण येते ती दरवाजांची.

शहर वसवलं मलिक अंबरने, १६१० मध्ये. तेव्हा नाव खडकी. १६१२ चा भडकल दरवाजा त्याच्याच काळातला, मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधलेला. १६२६ मध्ये तो गेल्यावर मुलगा फत्तेखानाने नाव फत्तेनगर केलं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि शहर औरंगाबाद झालं. मराठा फौजांच्या धास्तीने १६८२ मध्ये शहराभोवती तट उभा राहिला. दिल्ली, जालना, पैठण, मक्का... ज्या गावाकडे वाट जाते त्याचं नाव दरवाजाला. म्हणजे दरवाजांची यादी हाच शहराचा पहिला दिशादर्शक नकाशा होता!

दरवाजा तटात बसवलेला असतो. आज तट बहुतेक ठिकाणी गेला आणि दरवाजे सुटे राहिले. पैठण गेट भर बाजारात उभं आहे. मकई गेट, बारापुल्ला आणि महमूद दरवाजा खाम नदीच्या पुलांवर, अंगाखांद्यावरून ट्रॅफिक घेत. "बावन्न दरवाजांचं शहर" असं आपण अभिमानाने सांगतो. पण कागदात कापायला गेलं तर हे दरवाजे पहिले गळून पडतील, कारण त्यांना धरून ठेवणारी तटाची रेष आजच्या नकाशात नाही.

दुसरी गळणारी रेष पाण्याची. हर्सूलकडून जमिनीखालून येणारी नहर-ए-अंबरी. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. पुढच्या काळात याच विद्येवर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचं जातं फिरवणारं पाणीही असंच डोंगरातून, खापरी नळांतून आलेलं. हे जाळं रस्त्यांच्या नकाशात दिसत नाही. म्हणून तर खोदकाम करताना नहर फुटल्याच्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचतो. जेसीबी चालवणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? त्याच्या हातातल्या कागदावर ती रेष कुणी काढलीच नव्हती. आणि आपण? नळाला पाणी कधी येणार याची वाट बघत बसलोय.

१७४८ मध्ये नोल्ली नावाच्या माणसाने रोमचा नकाशा केला. घरं गडद दाखवली. रस्ते, चौक आणि चर्चच्या आतली मोकळी जागासुद्धा पांढरी ठेवली. लोकांना जिथे जाता येतं ते सगळं एका नजरेत. नकाशा करणारा काय ठेवतो आणि काय काढतो, त्यावरून शहर काय विसरायला तयार आहे ते कळतं.

अलीकडे काही दरवाजांची डागडुजी झाली, चांगलं झालं. पण एकेक दगडी कमान वाचवून शहर वाचत नाही. तट, खाम आणि नहरी एकत्र दाखवणारा मोठा, हाताने कापलेला नकाशा महापालिकेत, रेल्वे स्टेशनवर, शाळांमध्ये लावा. तीन थर, तीन रंग. मखर करणाऱ्या आपल्याच कारागिरांना काम द्या. आणि त्याच रेषा विकास आराखड्यातही ठळक येऊ द्या, म्हणजे रस्ता रुंद करण्याआधी कुणीतरी थांबून बघेल.

नावावरून आपण वर्षानुवर्षं भांडलो. खडकी असो की संभाजीनगर, पाण्याचा उतार तोच राहिला. तो उतार माहीत असलेली माणसं मात्र कमी होत चालली आहेत.

तुमच्या मोहल्ल्यात तटाचा एखादा तुकडा, बुरूज, नहरीचं तोंड किंवा बुजवलेला हौद आहे का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि कमेंटमध्ये जागा लिहा. नकाशा तिथूनच सुरू करू.