नावे बदलतात, कृती उरते

कथा सांगताना आपण पात्रांना नावे देतो. परंतु कथा पुढे सरकते ती क्रियापदांच्या बळावर. व्याकरणातील या साध्या भेदावर कथेच्या अभ्यासाची एक नवी पद्धती उभी राहिली, ती रशियात.

१९२८ साली व्लादिमिर प्रॉप यांचा लोककथेच्या रचनेवरील ग्रंथ लेनिनग्राड येथे प्रसिद्ध झाला. तोवर कथांची विभागणी मुख्यतः विषयांवरून होत असे. प्रॉप यांनी अफनास्येव यांच्या संग्रहातील १०० अद्भुतकथा तपासल्या. एका कथेत राजा नायकाला गरुड देतो आणि गरुड त्याला परराज्यात नेतो. दुसरीत म्हातारा घोडा देतो. तिसरीत मांत्रिक होडी देतो. नामे बदलली, 'देणे' आणि 'नेणे' कायम राहिले. अशा मूलभूत कृती ३१ असून त्यांचा क्रमही ठरलेला असतो, असे त्यांनी मांडले. मनाई, मनाईचा भंग, झुंज, अंगावरील खूण, विजय अशी क्रियावाचक नामे त्यांनी कृतींना दिली. मात्र नुसत्या क्रियापदावर ते विसंबले नाहीत. आरंभी बापाने मुलाला पैसे दिले आणि शेवटी शौर्याबद्दल नायकाला पैसे मिळाले, तर व्यवहार एकच. कथेतील कार्य भिन्न.

१९५८ साली या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर झाले आणि तो जगभर पोहोचला. १९६६ साली ग्रेमास यांनी पाठविणारा, साहाय्यक, विरोधक अशा मोजक्या भूमिकांत पात्रे बसविली. पुढे रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने याच दृष्टीने उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायातील याकोबाची झुंज वाचली. झुंज, मांडीच्या सांध्यावरील खूण, विजय: प्रॉप यांचा क्रम येथेही दिसतो. परंतु याकोबाला मायदेशी परत पाठविणारा परमेश्वर, आणि यब्बोकच्या काठी रात्रभर त्याच्याशी झुंजणाराही तोच! पाठविणारा आणि विरोधक एकच, हे वेगळेपण कृतींची वर्गवारी केल्यामुळेच ठळक होते.

ख्रिस्तसभेने अशा अभ्यासाकडे पाठ फिरविली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली पवित्र शास्त्रातील वाङ्मयप्रकार ध्यानात घेण्यास सांगितले. पोपच्या बायबल आयोगाने १९९३ साली ग्रेमास यांच्या पद्धतीचीही दखल घेतली. मात्र व्यक्तीचे अस्तित्व आणि शब्दापलीकडचे वास्तव नाकारणारे तत्त्वज्ञान तिच्यासोबत स्वीकारू नये, असा इशारा दिला.

हा इशारा आम्हांस मोलाचा वाटतो. प्रॉप यांच्या कथांत इवानच्या जागी दुसरा कोणी आला तरी बिघडत नाही. यब्बोकच्या काठी मात्र याकोबाला नाव विचारले जाते आणि इस्राएल हे नवे नाव मिळते. येथे नाव देणे हीच कृती आहे. त्या रात्रीनंतर लंगडत चालणाऱ्या माणसाच्या जागी दुसऱ्या कोणाला उभे करता येणार नाही.