सीएफजी८०२११

लिनक्स कर्नलमधील वायफायच्या सेटिंग्ज हाताळणारा सामाईक थर. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमकडून आलेली मागणी तपासणे, ती ड्रायव्हरकडे सोपवणे आणि निकाल परत कळवणे, हे त्याचे काम. ‘८०२.११’ हा वायरलेस लॅनच्या आयट्रिपलई मानकाचा क्रमांक आहे.

पूर्वपीठिका : आधी हे काम ‘वायरलेस एक्स्टेन्शन्स’ करत. त्यांत नेटवर्कचे नाव (एसएसआयडी), चॅनल, की अशा प्रत्येक सेटिंगसाठी स्वतंत्र कॉल असे. सगळी माहिती आली की नाही आणि जोडणी कधी सुरू करायची, हे ड्रायव्हरलाच ताडावे लागे. त्यामुळे एकच आज्ञा दोन कार्डांवर वेगळी वागे. जुलै २००७ मधील २.६.२२ या आवृत्तीत सीएफजी८०२११ आणि मॅक८०२११ हे थर कर्नलमध्ये आले. प्रोग्रॅमशी संवाद साधणारा, नेटलिंकवर आधारलेला एनएल८०२११ हा दुवा त्यानंतर आला.

रचना : प्रत्यक्ष रेडिओसाठी ‘विफाय’ आणि त्यावरील प्रत्येक इंटरफेससाठी ‘वायरलेस डिव्हाइस’ अशी दोन स्ट्रक्चर असतात. नोंदणीच्या वेळी ड्रायव्हर आपले बँड, सायफर व मोड जाहीर करतो आणि स्कॅन, कनेक्ट, की घालणे इत्यादी फंक्शनांचा तक्ता देतो. हार्डवेअरला न झेपणारी मागणी बरीचशी याच थरात नाकारली जाते.

जोडणी : कनेक्ट आज्ञेत एसएसआयडी, चॅनल, प्रमाणीकरणाचा प्रकार व सायफर एकत्रच मिळतात. ड्रायव्हर काम सुरू करून लगेच परततो आणि निकाल नंतर कळवतो. ‘फुलमॅक’ कार्डांत पुढच्या पायऱ्या फर्मवेअर पार पाडते. ‘सॉफ्टमॅक’ कार्डांत ते काम मॅक८०२११ कडे असते. एसएसआयडी म्हणजे शून्याने संपणारी स्ट्रिंग नव्हे, तर कमाल ३२ बाइट. म्हणून तिची लांबी वेगळी द्यावी लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेत असल्याने, काना-मात्रा धरून १० चिन्हांतच नाव बसवावे लागते.

नियमन : देशागणिक कोणते चॅनल किती शक्तीने वापरता येतील, याची मर्यादाही हाच थर लावतो. ४.१५ पासून कर्नल ही माहिती स्वाक्षरीयुक्त फाइलमधून थेट वाचू शकतो.

सद्यःस्थिती : ‘आयडब्ल्यू’ व ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ एनएल८०२११ वापरतात. जुन्या प्रोग्रॅमांसाठी वायरलेस एक्स्टेन्शन्सची सोय शिल्लक आहे. मात्र वायफाय ७ मधील एकाच वेळी अनेक लिंक चालवणाऱ्या उपकरणांना ती लागू नाही.