गाण्यात एम.ए. करून काय मिळतं?



मुलीचा गळा गोड असला की आपण तिला भजनात पुढे बसवतो, लग्नात मंगलाष्टकं म्हणायला बोलावतो. पण तीच मुलगी “मला गाण्यात एम.ए. करायचंय” म्हणाली, तर घरात लगेच प्रश्न येतो, “गाण्याची कसली डिग्री?” याचं उत्तर आज जरा मागं जाऊन शोधू या.

सव्वाशे वर्षांपूर्वी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, सेवा करायची आणि त्यांची मर्जी असेल तेव्हा मिळेल ते शिकायचं. मुलींना तर हे दार बहुधा बंदच. ज्या बायका गात, त्यांतल्या बऱ्याच कलावंतिणींच्या घरांतल्या. त्यांच्या गाण्याला दाद मिळे, पण त्यांना मान मिळत नसे. म्हणून ‘घरंदाज’ घरांत मुलीच्या गाण्याला नकार असे.

हे बदलायला दोन मराठी माणसांनी मोठा हातभार लावला. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फी भरा, वर्गात बसा, परीक्षा द्या, अशी ती शाळा. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव फिरून घराण्यांच्या चिजा गोळा केल्या आणि स्वरांसह लिहून छापल्या. विद्या कागदावर आली, म्हणून ती वर्गात शिकवता येऊ लागली.

१९१६ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी भातखंडे यांच्या पुढाकारानं बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्याच वर्षी महर्षी कर्वे यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. तेच आजचं एसएनडीटी. एकीकडे गाणं विद्यापीठाकडे निघालं होतं, दुसरीकडे बाई.

या दोन वाटा कुठं मिळाल्या, ते प्रभाताई अत्रे यांच्या आयुष्यात दिसतं. त्यांच्या गुरू हिराबाई बडोदेकर. तिकीट लावून, चारचौघांसमोर मानानं मैफल करणाऱ्या पहिल्या काही गायिकांपैकी त्या एक. प्रभाताई पुण्यात वाढल्या. त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली, कायद्याची घेतली आणि पुढं संगीतात डॉक्टरेटही मिळवली. विषय होता सरगम. त्या आकाशवाणीत नोकरीला होत्या. १९७९ पासून १९९२ पर्यंत त्या एसएनडीटीच्या संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. गुरूनं बाईसाठी मंच मोकळा केला. शिष्येनं त्याच मंचावर गाता गाता विद्यापीठातली खुर्चीही सांभाळली.

आता एम.ए.मध्ये शिकवतात काय? राग आणि ताल तर आहेतच. शिवाय संगीताचा इतिहास, शास्त्र, घराण्यांचा अभ्यास आणि परीक्षकांसमोर गाऊन दाखवायची परीक्षा. नुसत्या पदवीनं कुणी गायिका होत नाही, हे खरं. त्याला गुरू लागतो आणि वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. पण गाणं शिकवून पोट भरायचं, संशोधन करायचं, कॉलेजात प्राध्यापक व्हायचं, तर ही पदवी पायरीचं काम करते. आपल्या जात्यावरच्या ओव्याही अभ्यासाचा विषय होऊ शकतात. तो अभ्यास आपल्याच लेकीनं का करू नये?

गळा देवानं दिला असं आपण म्हणतो. पण शिकायची संधी माणसांनीच भांडून, झिजून मिळवली आहे. तेव्हा लेक पुन्हा गाण्याच्या एम.ए.चं बोलली, तर “कशाला?” म्हणू नका. “कुठल्या विद्यापीठात?” असं विचारा.