उकिरड्याचे खत कोणाच्या नावावर?

मराठीत 'खत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक खत शेतात पडते. दुसरे, अरबी-फारसीतून आलेले, कचेरीत नोंदले जाते आणि मालकी सिद्ध करते. पहिल्या खताचा इतिहास वाचताना आम्हांला वारंवार दुसऱ्याची आठवण होते. पालापाचोळा कुजवून माती करण्याचे ज्ञान नेमके कोणाच्या नावावर चढले?

जोतीराव फुले यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. फुलांच्या व्यवसायावरून पुण्यात त्यांना 'फुले' हे आडनाव मिळाले. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात पाने, गवत, मेलेले किडे-प्राणी यांच्या कुजण्यातून तयार होणारे सत्त्व पावसाबरोबर वाहून जाऊ नये, यासाठी लष्कर व पोलिसांतील शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, असे ते सुचवतात. येथे कुजणे हा राज्यकारभाराचा विषय झाला आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी 'असूड'मधील उपरोधाइतकेच या मृदाविचाराकडेही लक्ष द्यायला हवे.

पुढे इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते खालीवर करून सुमारे तीन महिन्यांत कंपोस्ट तयार करण्याची पद्धत बसवली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गाजली. मात्र १९३१ च्या मूळ पुस्तकावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचेही नाव आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. हॉवर्ड यांनी स्वतः भारतीय शेतकऱ्यांना आपले गुरू मानले. त्या गुरूंची नावे तर कोठेच नाहीत.

या पार्श्वभूमीवर श्रीपाद अच्युत दाभोलकर यांचे काम वेगळे ठरते. साताऱ्याच्या दाभोलकर कुटुंबातले, नरेंद्र दाभोलकरांचे हे थोरले बंधू पेशाने गणिताचे अध्यापक. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त सांगली जिल्ह्यातील तासगावचे द्राक्षबागायतदार स्वतःच प्रयोग करणारे व एकमेकांना शिकवणारे झाले. दहा गुंठ्यांत एक कुटुंब सुखाने जगू शकते, हा विचार त्यांनी 'प्लेंटी फॉर ऑल' (१९९८) या पुस्तकात मांडला, आणि तोच घराच्या गच्चीपर्यंत नेला.

गच्चीवरची रीत साधी आहे. भाजीची देठे व फळांच्या साली नत्र पुरवतात. वाळला पाला व उसाची चिपाडे कर्ब. साताऱ्या-सांगलीकडे चिपाडांना तोटा नाही. दोहोंचे पातळ थर, मूठभर जुने खत, पिळलेल्या फडक्याइतकी ओल आणि खेळती हवा एवढे पुरते. दुर्गंधी आली, तर ओल अधिक व हवा कमी झाली असे समजावे आणि सुका पाला मिसळून ढीग खालीवर करावा. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, स्वतःचे नाक लागते. दाभोलकरांना अभिप्रेत असलेले ज्ञान हेच.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले, तेव्हा ती नवीच गोष्ट असल्यासारखी चर्चा झाली. पिढ्यान्‌पिढ्या पहाटे शेणकूर, राख, केरकचरा पाटीत भरून उकिरड्यावर नेणाऱ्या बायका त्या चर्चेत नव्हत्या. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, अशी म्हण आहे. उकिरड्याची फिटली असेलही. तो राखणारीचे नाव अद्याप कोणत्याच खतावर लागलेले नाही.