कर्ता, वाटणी आणि कंपनी

मिताक्षरा परंपरेत पुत्राला वडिलोपार्जित संपत्तीत जन्मतः हक्क मिळे. कारभार मात्र कर्त्याकडे असे. भारतातील बहुतेक हिंदू व्यापारी घराण्यांच्या पेढ्या दीर्घकाळ याच व्यवस्थेत वाढल्या. पुढे पेढीची कंपनी झाली, तरी ‘थोरल्यांची शाखा’, ‘धाकट्यांची शाखा’ ही घरची भाषा कायम राहिली. कंपनीच्या कायद्याला शाखा ठाऊक नसतात. त्याला ठाऊक असतात भागधारक.

ही विसंगती रंगराज खटल्यात फार स्पष्टपणे दिसते. दक्षिणेतील एका खासगी कंपनीचे एकूण 50 भाग. दोन भावांकडे प्रत्येकी 25. दोन्ही शाखांचा वाटा सदैव समान राहावा आणि विकायचे झाल्यास भाग प्रथम आपल्याच शाखेत द्यावेत, असा तोंडी करार 1951 मध्ये झाल्याचे सांगितले गेले. पुढच्या पिढीतील एकाने आपले भाग दुसऱ्या शाखेला विकले. कंपनीच्या नियमावलीत नसलेले असे बंधन कंपनीवर वा भागधारकावर लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दिला. याच न्यायालयाने 1976 मध्ये प्रामाणिक कौटुंबिक व्यवस्था तोंडी असली तरी वैध ठरू शकते, असे म्हटले होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. घर, जमीन यांच्याबाबत वडीलधाऱ्यांचा शब्द चालला. भागांबाबत तो अपुरा पडला. (सार्वजनिक कंपनीच्या भागांसंबंधीचे असे करार पुढे 2013 च्या कायद्याने करार म्हणून अंमलयोग्य मानले.)

लेखी नियमावलीनेही सारे सुटत नाही. 1900 मध्ये ब्रह्मदेशातील सावकारीतून उभ्या राहिलेल्या मुरुगप्पा समूहात एम. व्ही. मुरुगप्पन यांचे 2017 मध्ये निधन झाले. त्यांना दोन मुली, पुत्र नाही. अंबाडी इन्व्हेस्टमेंट्स या धारक कंपनीतील त्यांच्या शाखेचे सुमारे 8 टक्के भाग पत्नी व मुलींकडे राहिले. थोरली कन्या वल्ली अरुणाचलम यांनी संचालकपद मागितले; 2020 च्या वार्षिक सभेत बहुमताने ते नाकारले गेले. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला सहदायाद केले होते खरे, पण संचालकाची खुर्ची हा दायभाग नव्हे. ती मतांनी मिळते. कर्तेपणात जे दोन अधिकार एकवटले होते, ते कंपनीने असे वेगळे केले, आणि अल्पमतातील शाखेला त्यांपैकी एकच वारशाने मिळाला. तडजोड 2023 मध्ये झाली, तीही कौटुंबिक समझोत्यानेच.